चटणीएवढी जागा

वनमालाबाई पोतनीसांच्या हातचं वाढून घेऊन कुणी अर्धपोटी उठला, असं ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत कुणी सांगितलं तर लोक सांगणाऱ्याकडेच संशयाने बघतील. गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला त्या जिलबीची परात घेऊन निघाल्या की जाणती माणसं दुरूनच पानावर दोन्ही हात आडवे धरत. उपयोग होत नसे. बाईंची जिलबी त्या दोन हातांच्या फटीतून नेमकी पानात पडे, आणि वर "इतकुशी तर आहे" असंही ऐकून घ्यावं लागे. त्यांच्या आग्रहाला भिऊन आदल्या रात्री न जेवणारी माणसं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अजून हयात आहेत.

पण एका बाबतीत याच बाई हात आखडता घेत. ती म्हणजे चटणी. पानाची डावी बाजू त्या सहसा दुसऱ्या कुणाकडे देत नसत, आणि दिलीच तर आधी शिकवणी घेत. शेजारच्या मंजिरीला त्यांनी नववीत असताना पहिल्यांदा ठेच्याचं भांडं दिलं, तेव्हा नेमकी शिकवणी राहून गेली. पोरीने लाल मिरचीचा ठेचा वरणाच्या डावाने वाढला. पंगतीत मल्हारराव नावाचे रुबाबदार मिशांचे एक पाहुणे होते. अन्नाला नाही म्हणायचं नाही या घरच्या वळणामुळे त्यांनी तो सगळा खाल्ला, आणि मग मिशांवरून पाणी गळत असताना पानावरून उठून नळाकडे गेले. मंजिरी भांडं हातात धरून तिथेच उभी. तिचा चेहरा असा झाला होता की रागवायला गेलेल्या वनमालाबाईंना तिला पोटाशी धरावं लागलं.

"अगं, जहाल असेल ते बोटभर वाढायचं, सौम्य असेल ते भरपूर," त्या म्हणाल्या. "चटणी वरणासारखी पसरलीस तर जेवणारा उठून जाणारच की."

ही मंजिरी पुढे शिकायला बाहेर गेली आणि मेडिकल फिजिसिस्ट होऊन परत आली. म्हणजे नक्की कोण, हे तिच्या आईला अजून सांगता येत नाही. डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना हिशोब करून देते, एवढ्यावर आई थांबते. खरं म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडायचे तर ते कुठून सोडायचे, किती सोडायचे आणि कुठे अडवायचे, हे ठरवून आखून देण्याचं तिचं काम. गावातल्याच एका खाजगी हॉस्पिटलात, जिथे जाड भिंतींच्या खोलीत ते मशीन आहे, तिथे ती दिवसभर पडद्यासमोर बसलेली असते. तिथे एक दिवस आपल्याला जावं लागेल, असं वनमालाबाईंना कधी वाटलं नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला खोकला झाला. ग्वाल्हेरची थंडी म्हटली की खोकला आलाच, म्हणून बाईंनी महिनाभर आल्याचा काढा घेऊन त्याच्याकडे कानाडोळा केला. मग फोटो काढला, मोठा फोटो काढला, सुई घालून तुकडा तपासला. उजव्या फुप्फुसात खाली, बरगडीजवळ, बोराएवढी गाठ. पसरलेली नव्हती, हे नशीब. पण बाईंच्या हृदयात आधीच स्टेंट घातलेला, त्यामुळे ऑपरेशन करायला कुणी तयार होईना. राहिले किरण.

ग्वाल्हेरात या उपचाराला सगळे झाडून ‘सिकाई’ म्हणतात. मशीन चालवणारा समरजीत म्हणतो, ऑटोवाला म्हणतो, बाकावर बसलेले इतर रुग्ण म्हणतात. कंबर धरली तर गरम पाण्याच्या पिशवीने देतात तीही सिकाई, आणि ही कोट्यवधी रुपयांच्या मशीनची तीही सिकाईच. आपण मराठी माणसं तिला शेक म्हणतो. या एका शब्दाने पुढे काय घोळ घातला, ते सांगायचं आहे.

मंजिरीने वनमालाबाईंना समोर बसवून सगळं समजावलं. भालचंद्रराव, म्हणजे बाईंचे यजमान, तेव्हा औषधांच्या रांगेत उभे होते. मंजिरी म्हणाली की गाठ लहान आहे, म्हणून जबर मात्रा द्यायची. दीड महिना रोज थोडं थोडं असं नाही. एक दिवसाआड, पाचच वेळा, पण गाठ मरेल इतकं. चहूबाजूंनी बारीक बारीक किरण येतील. एकेकटा असताना त्यातला कुठलाच फार जोरकस नाही. सगळे जिथे एकत्र भेटतील तिथे मात्र ते जहाल होतील, आणि ती जागा गाठीवरच पडली पाहिजे.

बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या स्वभावाला धरून विचारलं, की एवढं करतेसच तर जरा आजूबाजूलाही का नाही सोडत? एखादा कण इकडेतिकडे राहिला असला तर? हात राखून कशाला वाढायचं?

मंजिरी हसली. "काकू, हा ठेचा आहे. वरण नाही."

बाईंना एका क्षणात समजलं. मग मंजिरीने पुढचंही सांगितलं. जागा वाढवली की मात्रा उतरवावी लागते, कारण भोवतीचं चांगलं फुप्फुस आणि बरगडी तेवढं सोसणार नाहीत. मात्रा चढी ठेवायची तर जागा आवळायची. आणि जागा फार आवळली तर गाठीचा काठच निसटायचा. त्यात भर म्हणजे गाठ काही एका जागी बसत नाही, श्वासाबरोबर वरखाली होते. म्हणून पोटावर पट्टा बांधायचा, श्वास संथ ठेवायचा, आणि गाठीभोवती अगदी थोडी मोकळी जागा धरायची. त्या थोडक्या जागेपायी मंजिरीने कित्येक दिवस घातले होते. किरणांची दिशा बदलून बघ, बरगडी वाचवून बघ, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिने पडद्यावर दाखवलं. करड्या फुप्फुसात गाठीभोवती एक लाल रेघ होती, आणि रेघ आणि गाठ यांच्यामधली जागा खरोखरच पानावरच्या चटणीएवढी होती.

निघताना तिने बजावलं, की अंगावर खुणा केल्या आहेत तिथे तेल नको, साबण नको, कसलंही गरम काही नको. बाई हो म्हणाल्या.

आता भालचंद्ररावांविषयी. माणूस सरळ. एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशोबाच्या कचेरीत, जन्म काढला, आणि कागदावर जो शब्द असेल तोच खरा मानायचा, ही तिथली सवय घरी घेऊन आला. निवृत्तीनंतर नई सडकेच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत सकाळी पेपर, संध्याकाळी महाराज बाड्याच्या चौकापर्यंत फेरी, असं त्यांचं चाललं होतं. मूलबाळ नाही. स्वयंपाकघरात ते फक्त पाणी प्यायला जात, तेही बाई घरी नसल्या तर. गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो, हे त्यांना या वयापर्यंत माहीत नव्हतं, आणि याची त्यांना कधी लाजही वाटली नव्हती. बायको आजारी पडली आणि आपल्याला तिच्यासाठी काहीसुद्धा करता येत नाही, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. ते हवालदिल झाले. औषधांच्या रांगेत उभं राहायचं आणि तिची शाल धरून बाकावर बसायचं, यापलीकडे त्यांच्या वाट्याला कामच नव्हतं.

पहिली सिकाई पार पडली. समरजीत बाहेर येऊन त्यांना म्हणाला, "अंकल, आज की सिकाई हो गई. अब परसों." परसों म्हणजे मधला एक दिवस रिकामा. भालचंद्ररावांच्या मनाने हिशोब मांडला. सिकाई म्हणजे शेक. हॉस्पिटल देतं आहे एक दिवसाआड. मग मधल्या वेळात घरी कुणी द्यायचा?

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात काड्या ओढल्याचा आवाज येऊ लागला. दोन विझल्या, तिसरी पेटली. बाई अंथरुणातून उठायला निघाल्या तर आतून आवाज आला, "तू पडून राहा. मला येतंय." बऱ्याच वेळाने भालचंद्रराव जुनी रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजलेली. त्यांनी ती पिशवी तान्ह्या मुलाला ठेवावं तशी हलकेच बायकोच्या उजव्या कुशीला ठेवली आणि विचारलं, "बरं वाटतंय?"

बाईंना मंजिरीचे शब्द आठवले. नको म्हणायला तोंड उघडलं. पण त्यांना त्या भिजलेल्या बाहीवरून नजर काढता येईना. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही करून त्यांच्या पुढ्यात आणलं होतं. टॉवेल तर मध्ये आहे, एवढ्याशाने काय होतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. "बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. लाजेकाजेस्तव दोन घास जास्त खाणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. आपणही त्याच पंगतीत बसलो आहोत, हे त्यांना कळत होतं. भालचंद्ररावांना हुरूप आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीही पिशवी भरली, संध्याकाळीही भरली, आणि पाणी आदल्या दिवसापेक्षा कडक घेतलं.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात बाईंना मशीनखाली निजवलं आणि समरजीत एकदम थांबला. कुशीवरची कातडी लालभडक झाली होती, खुणाही फिकटल्या होत्या. त्याने किरणोपचाराच्या डॉक्टर हर्षिता यांना बोलावलं. त्यांनी बोट लावून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. एकाच वेळेच्या किरणांनी कातडी इतकी लाल व्हायला नको होती. आज मशीन चालवायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि मंजिरीला बाजूला घेतलं. त्या हळू बोलत होत्या, पण बाईंचे कान पंगतीतून तयार झालेले. कुठल्या टोकाला कुणाला काय हवं ते त्यांना ऐकू येतं.

"देखो मंजिरी, चमड़ी इतना नहीं झेल रही है. बाकी डोज़ कम करके ज़्यादा दिनों में बाँट देते हैं. रिस्क नहीं लेंगे."

 मंजिरी तिच्या खोलीत जाऊन पडद्यासमोर बसली.

बाई बाहेर बाकावर येऊन बसल्या. थोड्या वेळाने मंजिरी त्यांना नवीन तारीख सांगायला आली, तेव्हा त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की कमी केलं तर काय होतं गं? मंजिरीला खोटं बोलता येत नाही, हे तिचं लहानपणापासूनचं वैगुण्य.

"कमी केलं तर गाठ दबेल, काकू," ती म्हणाली. "मरेलच, असं मी नाही सांगू शकत." मग ती उगीचच म्हणाली, "बरगडीकडे माझीच रेघ चुकली असेल. मी परत चेक करून राहिले आहे."

ती आत गेली. दाराच्या काचेतून तिचा चेहरा दिसत होता. ठेच्याचं भांडं हातात धरून उभ्या असलेल्या पोरीचाच तो चेहरा होता. बाईंना तो बघवेना.

सांगून टाकायचं तर सोपं होतं. पण शेजारी भालचंद्रराव बसले होते, बाईंची शाल मांडीवर नीट घडी करून. सांगितलं की त्यांना कळणार. इतक्या मायेने भरलेल्या पिशवीने आपणच हिचं वाईट केलं, हे त्यांना कळणार. तो माणूस पुन्हा गॅसजवळ जाणार नाही, आणि कदाचित पुन्हा तोंड वर करून बघणारही नाही. न सांगावं तर गाठ राहणार. बाईंनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी इतरांच्या पानात ढकलल्या होत्या, ही मात्र कुणाच्या पानात ढकलता येईना.  शेवटी नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, मला चहा हवाय. कॅन्टीनमधून आणाल?"

भालचंद्रराव लगबगीने उठले. काहीतरी काम मिळालं होतं.

बाई मंजिरीच्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. ते पुरतं लागलं नाही, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मंजू, तुझी रेघ चुकलेली नाही. ही लाली पिशवीची आहे. गरम पाण्याच्या."

 मंजिरीने पडद्यावर बोट ठेवून स्वतःशीच म्हटलं की तरीच, लाल झालंय तिथे आपली मात्रा जवळपास पोचतच नाही. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याबरोबर तिला रडू आलं आणि रागही आला.

"सांगितलं होतं ना काकू मी? गरम काही नको म्हणून?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "जन्मभर मी लोकांना आग्रह केला गं. मला कधी कुणी केला नव्हता. ह्यांनी पहिल्यांदा काही वाढलं, तर नको कसं म्हणू?"

 मंजिरीने बसल्याजागी काकूंच्या पोटाशी डोकं टेकलं, मल्हारराव नळाकडे गेले त्या दिवशी टेकलं होतं तसंच. बाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला आणि एकच अट घातली. डॉक्टरांना सांग, सांगायलाच हवं, पण शेक मी माझ्या हाताने घेतला असं सांग. ह्यांच्या कानावर जाता कामा नये. मंजिरीने कबूल केलं. खोटं बोलण्याचं तिने हे आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कबूल केलं असेल.

भालचंद्रराव चहा घेऊन आले ते बाई बाकावर परत येऊन बसल्यावर, बऱ्याच उशिरा. चहा गारढोण झाला होता. बाई वैतागल्या, की एवढंसं कॅन्टीन, आणि इतका वेळ? गर्दी होती, एवढंच ते म्हणाले, आणि गार चहावरची साय बोटाने काढून त्यांनी पेला पुढे केला.

डॉक्टर हर्षितांनी मंजिरीचं ऐकलं, पडदा पाहिला, कातडी पुन्हा पाहिली. लाली उतरेपर्यंत थांबायचं ठरलं, नव्याने खुणा करायच्या ठरल्या, आणि मात्रा जशी आखली होती तशीच, पुरी द्यायची ठरली. बाईंना त्यांनी हिंदीत सौम्य शब्दांत दटावलं. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. भालचंद्रराव शेजारी बसून शालीची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होते.

आता प्रश्न संध्याकाळचा होता. आज पिशवी आली की काय सांगायचं, याची जुळवाजुळव बाई ऑटोत बसल्यापासून करत होत्या. घरी आल्यावर आत काडी ओढल्याचा आवाज आला. आता एकाच काडीत गॅस पेटू लागला होता. भालचंद्रराव पिशवी घेऊन आले तशा बाई घाईने म्हणाल्या, "आज पाय फार गार पडलेत हो. पायांना द्या."

"पायांना?" असं ते म्हणाले, आणि काही न विचारता त्यांनी पिशवी पायांशी ठेवली. वरून रजई ओढली, कडा आत खोचल्या. बाईंना हायसं वाटलं. चार शब्दांत काम भागलं होतं.

मग रोज पायच गार पडू लागले. दुसरी सिकाई झाली, तिसरी झाली, चौथी झाली. बाई मशीनखाली निजून संथ श्वास घेत, आणि मशीनची भली मोठी सोंड त्यांच्याभोवती फिरून त्या चटणीएवढ्या जागेत जे ओतायचं ते पुरेपूर ओतून जाई. काचेपलीकडे मंजिरी बसलेली असे. घरी रोज संध्याकाळी पिशवी पायांशी येई. भालचंद्ररावांनी कधी विचारलं नाही, की दुखतं कुशीत आणि शेक पायांना कसा? कागदावरच्या शब्दाला धरून चालणारा माणूस एवढा भोळा कसा, असं बाईंना अधूनमधून वाटे. पण त्या विषय काढत नसत.

एप्रिलात पुन्हा फोटो काढला तेव्हा गाठीच्या जागी नुसता वण उरला होता, आणि पुढच्या गणपतीत त्यांनी मल्हाररावांच्या पानात चार जिलब्या टाकल्या. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायची आहे ती पाचव्या सिकाईची संध्याकाळ.

त्या दिवशी बाहेर धुकं होतं, गल्लीतली तिळाच्या गजकची दुकानंसुद्धा लवकर मिटली होती. बाई थकून पडल्या होत्या. भालचंद्रराव पिशवी घेऊन आले. नेहमीसारखी त्यांनी ती पायांशी ठेवली, रजई ओढली, कडा खोचल्या. मग निघून जायचं ते गेले नाहीत. पलंगाच्या कडेला बसले, आणि रजईवरूनच हात पिशवीवर ठेवून त्यांनी विचारलं,

"तिथपासून पुरेशी लांब आहे ना गं?"

बाईंनी चमकून पाहिलं. ते पिशवीकडेच बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. नीट न लागलेलं दार बाईंना आठवलं, गार चहा आठवला, पेला पुढे करताना त्यांनी काढलेली साय आठवली. त्या दिवसापासून या माणसाने सगळं गिळून रोज पाणी तापवलं होतं, आणि आपल्याला काही माहीत नाही असं बाईंना वाटू दिलं होतं.

 बाईंनी रजईतून हात काढून त्यांच्या हातावर ठेवला. मग, जन्मात कुठल्याही पंगतीत बसून जे त्या कधी म्हणाल्या नव्हत्या, ते म्हणाल्या.

"लांब आहे. अजून थोडं वाढा."

भालचंद्रराव डोळे पुसत उठले आणि पाणी तापवायला आत गेले.